कोण जाईल वर?

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी फक्त सांगते.

यातलं बहुतेक सगळं मला हेस्टर मिलबर्न यांच्या तोंडून कळलं. त्यांच्या पायाच्या जखमेची पट्टी बदलायला मी जायचे. या खोऱ्यात नर्स म्हणून आले आणि इथलीच होऊन गेले. हेस्टरबाई तिखटमीठ लावून सांगणाऱ्यातल्या नाहीत. उलट चार शब्द कमीच बोलतील. आणि शेवटी जे घडलं... ते तर मी स्वतः पाहिलंय.

साल १९७२. ऑगस्ट सरत आलेला.

इंग्लंडच्या पार उत्तरेला, जिथे डोंगर ओलांडला की स्कॉटलंड लागतं, तिथलं थ्रॉपहोप गाव. शेतात जव कापणीला आलेले. आभाळ स्वच्छ. भर दुपार.

हो, दुपारच. अंधार नव्हता, वादळ नव्हतं. हेस्टरबाई हे दर वेळी बजावून सांगतात. "लख्ख ऊन होतं गं. सगळं दिसत होतं. म्हणूनच तर..."



तर त्या उन्हाळ्यात गावात सिनेमावाले उतरले होते. भयपट काढायचा होता त्यांना. एका आडगावातली माणसं येशूला सोडून जुन्या देवांच्या नादी लागतात, आणि पीक चांगलं यावं म्हणून एका परक्या बाईला बळी देतात, अशी काहीतरी कथा. गावकऱ्यांना भलतीच मौज वाटत होती. दिवसभर डोक्यात जवाच्या ओंब्या खोवून आणि मेंढ्यांची शिंगं बांधून गर्दीत उभं राहायचं, आणि संध्याकाळी त्याच शिंगांसकट पबमध्ये जाऊन बसायचं.

म्हातारा वॅट डॉड तर सिनेमावाल्यांना तोंडावर म्हणायचा, की बळी द्यायला लंडनची नटी कशाला, आमचा पोस्टमन घ्या, तसाही तो असून नसल्यासारखाच.

हेस्टर तेव्हा तिशीची होती. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि शनिवारी पबमध्ये गायची. घरात तिघं जण. ती, तिची धाकटी बहीण नेटा, आणि कथबर्टमामा.

आईवडील गेले तेव्हा या दोघी लहान होत्या. मामाने लग्न केलं नाही. मेंढरं सांभाळली आणि भाच्या वाढवल्या. त्याला दोनच नाद. एक लीकचा. लीक म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीचा दांडगा भाऊ, हाताच्या मनगटाएवढा जाड. दर सप्टेंबरला गावात लीकचं प्रदर्शन भरतं आणि त्यासाठी इथले बाप्ये एकमेकांशी वर्षभर अबोला धरतात. मामा आपल्या वाफ्याला पोटच्या पोरासारखा जपायचा. त्याचा नंबर मात्र कधी आला नव्हता.

दुसरा नाद पाइपचा, म्हणजे बॅगपाइप या वाद्याचा. इकडचे पाइप तोंडाने फुंकत नाहीत. काखेत भाता दाबून हवा भरतात. मागे एक सूर अखंड गुणगुणत राहतो आणि पुढे बोटं चाल वाजवतात. तोंड मोकळं, त्यामुळे वाजवता वाजवता गाताही येतं.

आणि नेटा...

नेटा चोवीस वर्षांची होती. शहरात लग्न ठरलं होतं, ते मोडलं. परत आली ती गप्प होऊनच. जेवायला बसायची, पण जेवायची नाही. गाणारी पोर, वर्षभर तिने गाण्याचा एक शब्द काढला नव्हता.

सिनेमाचं संगीत करणारा माणूस होता ऑब्री लॅशम. मखमली कोट, लांब केस, बोलायला अगदी गोड. लंडनच्या गायकांकडून त्याने गाणी म्हणवून घेतली होती, पण ती त्याला धुऊन इस्त्री केल्यासारखी वाटत होती. त्याला या मातीतले आवाज हवे होते. पबमध्ये हेस्टरचं गाणं आणि मामाचे पाइप ऐकले, आणि तो हात धुऊन त्यांच्या मागे लागला.

मामाने विचारलं, गाणं कुठलं? जुनं आहे का?

लॅशम हसला. म्हणाला, जुनं वाटेल. पण आहे माझंच. लंडनला माझ्या स्वयंपाकघरात, चहा उकळेपर्यंत लिहिलंय.

गाणं सोपं होतं. सगळ्यांनी मिळून विचारायचं, एकाने उत्तर द्यायचं.

*कोण बांधील पेंढी?*
*मी बांधीन पेंढी.*
*कोण वळील दोर?*
*मी वळीन दोर.*
*कोण धरील दार?*
*मी धरीन दार.*
*कोण जाईल वर?*

इथे थांबायचं.

पाइपही थांबवायचे. उत्तर द्यायचं नाही. पडद्यावर गाव त्या परक्या बाईकडे वळून बघतं, आणि ती जागा रिकामी सोडायची. लॅशम म्हणाला की सबंध गाण्यात ती शांतताच सगळ्यात भारी आहे. उत्तर ऐकणाऱ्याच्या मनात उमटलं पाहिजे.

पेंढी वॅटकडे दिली. दोर हेस्टरकडे. दार कोणी घ्यायचं यावर बोलणं चाललं होतं, तेवढ्यात कोपऱ्यातून नेटा म्हणाली, "मी म्हणते."

हेस्टरला इतका आनंद झाला की तिने बाकी काही विचारच केला नाही.

गाणं गावच्या जुन्या चॅपेलमध्ये रेकॉर्ड करायचं ठरलं. प्रार्थना बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण बाकं तशीच होती. लेन नावाचा ध्वनिमुद्रक होता, अबोल आणि कामाला पक्का. त्याने खिडक्यांना घोंगड्या लावल्या. मशीन प्रार्थनेच्या टेबलावर ठेवलं. वॅट म्हणाला, माझी आई इथे मला चुळबूळ केली म्हणून चिमटे काढायची, आज मी इथे सैतानाची आरती म्हणतोय, ती वरून बघत असेल तर खाली उतरून कान पिळेल.

सगळे हसले.

मग लेनने हात वर केला. पाइप सुरू झाले.

गाणं चांगलं झालं. नेटाचा आवाज आला तेव्हा मामाचे डोळे भरले. हेस्टरने पाहिलं, पण पाहिलं नाही असं केलं. शेवटचा प्रश्न विचारून सगळे थांबले.

शांतता.

इतकी शांतता, की बाहेरचा ओढाही ऐकू येईना.

हेस्टर सांगते, तेव्हा तिला ते जाणवलं होतं. ओढा चॅपेलच्या भिंतीला लागून वाहतो. घोंगड्यांनी त्याचा आवाज दबला होता, पण गेला नव्हता. त्या क्षणी मात्र तो... नव्हता.

लेनने हात खाली केला. ओढा परत वाहू लागला.

टेप मागे फिरवून त्याने सगळ्यांना ऐकवली. पेंढी. दोर. दार. कोण जाईल वर? आणि मग त्या रिकाम्या जागेत...

"मी जाईन वर."

वॅटचा आवाज. स्वच्छ.

सगळे खो खो हसले. हा म्हातारा सुधारायचा नाही. लॅशमसुद्धा हसला. फक्त वॅट हसला नाही.

"मी तोंड उघडलं नाही," तो म्हणाला.

"असू दे हो, वॅट," लॅशम म्हणाला.

"बाळा, मी हेस्टरच्या शेजारी उभा होतो. विचार तिला."

 खरंच होतं ते. तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागलेला होता. तो बोलला असता तर तिला कळलं असतं.

लेनने टेप पुन्हा लावली. या वेळी तो ऐकत नव्हता, मशीनवरचा काटा बघत होता. आवाज असेल तसा तो काटा हलतो. गाण्याबरोबर तो नाचला. प्रश्न संपला. काटा खाली पडला. आणि तो खाली पडलेला असतानाच आवाज आला.

मी जाईन वर.

काटा तसूभरही हलला नाही.

लेनने मशीन बंद केलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी वॅट घरात नव्हता.

दार सताड उघडं. टेबलावर अर्धवट खाल्लेला पाव, चहा अजून कोमट. काठी दाराशी टेकलेली. वॅट काठीशिवाय परसातही जात नसे. त्याची कुत्री फाटकाशी बसली होती. मोकळीच होती. धन्याला एक पाऊल एकटं टाकू न देणारी ती कुत्री शेपटी अंगाशी घेऊन, न भुंकता, डोंगराकडे बघत बसली होती.

पोलीस आले. गावातले पुरुष ओळीने माळावर पसरले आणि काठ्यांनी दलदल चाचपत वरपर्यंत गेले. हाताला काही लागलं नाही. टोपीसुद्धा नाही. शेवटी लोक म्हणाले की म्हातारं माणूस, भ्रम झाला असेल, दलदलीने गिळलं. इथल्या माळाने याआधीही माणसं गिळलीत.

गाण्याचा संबंध कोणी लावला नाही.

आठवडाभर चित्रण बंद राहिलं. मग लॅशम घरी आला. त्याला खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं. चहाचा कप हातात तसाच धरून बसला. म्हणाला की मेलेल्या माणसाचा आवाज असा सिनेमात ठेवणं बरं नाही. गाणं पुन्हा घ्यावं लागेल. एकदाच.

मामा म्हणाला, "मला ते गाणं आवडत नाही."

"का?"

"प्रश्न विचारायचा आणि उत्तर न ऐकता निघून जायचं, असं आमच्याकडे करत नाहीत."

लॅशमला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. हेस्टरचंही लक्ष मामाकडे नव्हतं. ती नेटाकडे बघत होती. गाणं म्हटल्यापासून नेटा जेवायला लागली होती. केस विंचरत होती. ओट्याशी उभी राहून गुणगुणत होती. इतक्या दिवसांनी पोर माणसात आली होती. हेस्टरनेच मामाची समजूत काढली.

नेटा काय गुणगुणते, हे तिने नीट ऐकलं नव्हतं.

पुन्हा तेच चॅपेल. तशीच उन्हाची दुपार. वॅटची पेंढी या वेळी मामाने घेतली. गाणं झालं. प्रश्न झाला.

शांतता.

या वेळी हेस्टर कान देऊन होती. ओढा थांबला. शेतात कापणीचं यंत्र चालू होतं, त्याची घरघर थांबली. छपरावर पारवे घुमत होते, ते थांबले. तिला आपला श्वास ऐकू यायला हवा होता... तोही येईना.

मग लेनचा हात खाली आला आणि सगळं परत सुरू झालं.

टेप ऐकवायला लेन तयार नव्हता.  लॅशमने स्वतः बटण दाबलं.

कोण जाईल वर?

"मी जाईन वर."

गोड आवाज. तरुण.

नेटाचा.

हेस्टर झटकन वळली. वाटलं, पोर घाबरली असेल, तिला जवळ घ्यावं.

नेटा घाबरली नव्हती.

ती हसत होती. आपलं नाव कोणीतरी प्रेमाने घ्यावं आणि माणसाने हसावं, तशी.

हेस्टरने लेनला सांगितलं, तेवढं कापून टाका. लेनने पातं घेऊन तेवढा तुकडा कापला. दोन टोकं चिकटवली. लावून बघितली.

मी जाईन वर.

त्याने अजून कापलं. प्रश्नसुद्धा कापला. आता टेपवर फक्त दारापर्यंतचं गाणं होतं, पुढे कोरी फीत. तरीही कोऱ्या फितीतून नेटा म्हणालीच. तेच शब्द, तोच गोडवा.

लॅशम मटकन बाकावर बसला. हे मी लिहिलंय, मीच लिहिलंय, असं पुटपुटत राहिला. यात जुनं काहीच नाही, सगळं खोटं आहे.

मामा पाइप गुंडाळत होता. तो शांतपणे म्हणाला, "गाणं खोटं असेल. पण विचारलं तर आपण खरंच ना?"

ती रात्र हेस्टर आणि मामाने जागून काढली. काही झालं नाही. नेटा गाढ झोपली. सकाळी ऊन आलं, किटली वाफाळायला लागली, आणि हेस्टरला वाटलं, टळलं.

दुपारी नेटा स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली होती. हेस्टर समोर पीठ मळत होती. मामा मागे लीकच्या वाफ्यात. खिडकी उघडी. ओढ्याचा आवाज येत होता. शेजारच्या शेतात यंत्र चालू होतं.

यंत्र थांबलं.

हेस्टरने मान वर केली.

पारवे थांबले.

मग ओढा...

नेटाने सुरी खाली ठेवली. हात एप्रनला पुसले. उठली. कोणाच्या घरून निघताना म्हणतात तसं अगदी सहज म्हणाली, "येते हं."

हेस्टरने धावत जाऊन तिला धरलं. पीठ भरलेल्या हातांनी कमरेला घट्ट विळखा घातला. नेटाने झटापट केली नाही. रागावली नाही. ओरडली नाही.

फक्त तिचे पाय चालत राहिले.

जागच्या जागी. फरशीवर घासत. एक... एक... एक. चढावर चालताना टाकतात तशी सावकाश पावलं. हेस्टर अंगाने मजबूत बाई, पण त्या पावलांबरोबर तीही दाराकडे सरकत होती.

तिने हाक मारली. आपली हाक तिची तिलाच ऐकू आली नाही.

पण मामा आला. मातीच्या हातांनी दारात उभा राहिला. आधी भाचीच्या पायांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. तो नेटाशी बोलला तेव्हा हेस्टरला शब्द न शब्द ऐकू आला.

"कोण बोलावतंय, बाळा?"

"बोलावत नाहीत, मामा. विचारतात."

"तुलाच विचारतात?"

"ज्याला ऐकू येतं त्याला."

मामाने मान हलवली. एखाद्या गिऱ्हाइकाने मेंढीची किंमत सांगावी आणि ती मनाला पटावी, तशी. मग खुंटीवरचे पाइप काढले, भाता काखेत बांधला. हेस्टरला म्हणाला, "हिला सोडू नकोस. काहीही ऐकू आलं तरी सोडू नकोस. आणि लीकला संध्याकाळी पाणी घाल. मुळाशी घाल, पानांवर नको."

"मामा, कुठे चाललास?"

"उत्तर द्यायला. पोरीला देऊ द्यायचं नाही, तर घरातल्या मोठ्याने द्यायला नको?"

तो दारातून बाहेर पडला. तिला त्याच्याही मागे धावायचं होतं. पण हात दोनच होते, आणि त्या दोन्हीत नेटा होती.

सगळं गाव मुकं झालेलं. त्या मुकेपणात चॅपेलच्या बाजूने फक्त पाइप ऐकू येऊ लागले. मामा सबंध गाणं एकटा म्हणत होता. प्रश्न त्याचे. उत्तरं त्याची. पेंढी. दोर. दार. हेस्टरच्या मिठीत नेटाचे पाय चालतच होते.

कोण जाईल वर?

पाइप थांबले.

मग मामाचा आवाज आला. म्हातारा, थोडा घोगरा, पण ठाम.

"मी जाईन वर."

नेटाचे पाय थांबले.

ती हेस्टरच्या अंगावर कोसळली. दोघी फरशीवर बसल्या. पाइप पुन्हा सुरू झाले होते, पण चाल नव्हती. नुसता तो मागचा सूर. तो चॅपेलपासून निघाला, ओढ्यापलीकडे गेला, माळावर चढला. लांब... आणखी लांब. हेस्टर ऐकत राहिली. तो कुठे संपला ते तिला सांगता येत नाही. कधीतरी लक्षात आलं की आपण ओढाच ऐकतोय.

मामाही सापडला नाही.

पुन्हा पोलीस, पुन्हा काठ्या, पुन्हा तीच दलदल. सिनेमावाल्यांनी गाशा गुंडाळला. लेनने ती टेप चॅपेलच्या मागे जाळली, हेस्टरने उभं राहून बघितलं. लॅशमने पुन्हा त्या खोऱ्यात पाऊल टाकलं नाही. गाणं मात्र सिनेमात राहिलं, लंडनच्या त्याच इस्त्रीच्या आवाजात. त्यात शेवटची जागा रिकामी आहे. हेस्टरने खास तेवढ्यासाठी जाऊन ऐकलं.

सप्टेंबरमध्ये लीकचं प्रदर्शन भरलं. हेस्टरने रोज मुळाशी पाणी घातलं होतं. त्या वर्षी पहिला नंबर कथबर्ट हेडली यांचा आला. नाव पुकारलं. सभागृहात कोणीच उठलं नाही. मग सगळेच उठले.

ही गोष्ट इथे संपली असती, तर मी लिहिलीच नसती.

त्या दुपारी फरशीवर बसून नेटा रडत होती. हेस्टरला वाटलं, भीतीने रडतेय. ती पाठ थोपटत म्हणाली, संपलं आता, वाचलीस.

नेटाने तिचा हात झटकला.

"मला विचारलं होतं," ती म्हणाली. "मला. त्याला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

महिन्याभरात ती शहरात निघून गेली. तिथे नोकरी केली, लग्न केलं, संसार केला. नाताळला फोन व्हायचा. हवापाण्याचं बोलणं व्हायचं. त्या दिवसाचं कधीच नाही. मामाचं नाव निघालं की ती फोन दुसऱ्याच्या हातात द्यायची.

नवरा वारल्यावर, तीन वर्षांपूर्वी, नेटा परत आली. दोघी बहिणी आता त्याच घरात राहतात. मी पट्टी बदलायला जायचे तेव्हा नेटाबाई खिडकीत बसलेल्या असायच्या. डोंगराकडे तोंड करून. हसतमुख बाई. मी त्यांना कधी गुणगुणतानाही ऐकलं नाही.

इकडे तो सिनेमा, जो तेव्हा धड चाललाही नव्हता, तो आताच्या पोरांनी डोक्यावर घेतला. गाण्यांच्या तबकड्या पुन्हा निघाल्या. उन्हाळ्यात गाड्या भरभरून तरुण मंडळी येतात, डोक्यावर फुलांचे गजरे, गळ्यात गिटार. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांनी चॅपेलसमोरच्या शेतात गाण्यांचा कार्यक्रम ठेवला.

हेस्टरबाई काठी टेकत त्यांच्याकडे गेल्या. सांगितलं, काय हवं ते गा, पण त्या गाण्याची शेवटची ओळ म्हणू नका. पोरं चांगली होती. थोडी हसली, पण शब्द दिला. आणि तो पाळलाही.

मी तिथेच होते. दोघी बहिणींना खुर्च्या टाकून दिल्या होत्या, मी मागे उभी होते. दुपार टळायला लागली होती. लख्ख ऊन. कडेने आइस्क्रीमची गाडी, पोरं पळतायत, कुत्री भुंकतायत.

पेंढी झाली. दोर झाला.

*मी धरीन दार.*

पोरं थांबली. वाद्यं खाली ठेवली. टाळ्या पडल्या. हेस्टरबाईंनी इतका वेळ रोखून धरलेला श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

टाळ्या विरल्या.

आणि नेटाबाई खुर्चीतून उठल्या.

त्यांना गुडघ्यांमुळे आधाराशिवाय उठता येत नाही. मला माहीत आहे, मी नर्स आहे. त्या सहज उठल्या. मान डोंगराकडे. आणि त्या गायल्या. पंच्याहत्तरी उलटलेल्या बाईच्या गळ्यातून चोवीस वर्षांच्या मुलीचा आवाज निघाला.

*कोण जाईल वर?*

सगळं शेत गप्प झालं.

कुत्री गप्प. आइस्क्रीमच्या गाडीची घंटी गप्प. ओढा...

हेस्टरबाईंनी बहिणीचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं. नेटाबाई चालत नव्हत्या. त्या उत्तर देत नव्हत्या. त्या फक्त वाट बघत होत्या. आणि हळूच मान वळवून त्या गर्दीकडे बघत होत्या, एकेक चेहरा.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग कुठेतरी एक लहान मूल रडलं, आणि ओढा वाहू लागला. पोरांना वाटलं, म्हातारीने काय कमाल केली. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून गावातलं कोणी नाहीसं झालेलं नाही. मी रोज विचारपूस करते. बाहेरून आलेल्या पोरांचं मात्र मला माहीत नाही. ती कुठली होती, घरी पोचली का, मोजणार कोण?

पण मला झोप लागत नाही ती वेगळ्याच कारणाने.

नेटाबाईंनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा सगळीकडे ती शांतता होती. त्या शांततेत माणसाला आपलाच आवाज ऐकू येत नाही, हे हेस्टरबाईंनी मला कितीदा सांगितलं होतं.

मला एवढंच आठवतंय, की त्या क्षणी माझे ओठ हलले होते.